धर्मग्रंथांतील ‘हे किंवा ते’: असे वचन तर्काला धरून आहे का, हे कसे तपासावे

ठाण्यात मासुंदा तलावाभोवती संध्याकाळची फेरी मारून टेंभी नाक्याकडे वळले, तर कौपिनेश्वराचे देऊळ, सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, मुनिसुव्रतस्वामींचे जैन मंदिर आणि मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंचे १८७९ सालचे ‘शार हशामायिम’ हे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, एवढे सारे पायी पाहून होते. नौपाड्यातील आमच्या लहानशा वाचनगटाने काही काळापूर्वी ठरवले, की या परिसरात ज्या ज्या परंपरा नांदतात त्यांच्या ग्रंथांतील ‘हे किंवा ते’ अशा धाटणीची वचने एका वहीत उतरवायची आणि ती तर्काच्या कसोटीवर उतरतात का, हे पाहायचे. ही वचने भिंतीवरील फलकावर, प्रवचनात आणि मोबाइलवरील सकाळच्या संदेशांत एकेकटी भेटतात व ऐकणाऱ्याला पेचात पकडतात. त्या वहीतून जी रीत हळूहळू तयार झाली, ती येथे क्रमाने मांडतो.

आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. ‘तर्कशुद्ध’ हा शब्द आपण दोन वेगळ्या अर्थांनी वापरतो. आधारविधानांतून निष्कर्ष अपरिहार्यपणे निघत असेल, तर तो युक्तिवाद युक्त ठरतो. परंतु ती आधारविधाने खरी आहेत की नाहीत, हा स्वतंत्र प्रश्न राहतो. ‘हे किंवा ते, हे नाही, म्हणून ते’ हा साचा नेहमीच युक्त असतो, त्यामुळे अशा वचनात दोष असलाच तर तो बहुधा निष्कर्षात नसून ‘हे किंवा ते’ या पहिल्याच वाक्यात दडलेला असतो. तपासणीचा बहुतेक वेळ म्हणूनच त्या एका वाक्यावर खर्च करावा.

पहिली पायरी: वचन पूर्ण उतरवून घ्यावे

वचनाच्या आधीच्या व नंतरच्या दोन-तीन ओळी, बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग, एवढे सगळे वहीत यायला हवे. ही पायरी कंटाळवाणी असल्यामुळे लोक ती गाळतात, आणि निम्मे वाद तिथेच जन्म घेतात.

दुसरी पायरी: लपलेला ‘किंवा’ उघड करावा

‘किंवा’ हा शब्द वचनात प्रत्यक्ष असेलच असे नाही. तो ‘नाहीतर’, ‘अन्यथा’, ‘जो अमुक नाही तो तमुक’ अशा रूपांत वावरतो. ‘बरा कुणबी केलों । नाहीं तरि दंभेंचि असतों मेलों’ असे तुकोबा म्हणतात, तेव्हा ‘कुणबी असणे किंवा दंभाने मरणे’ असा विकल्प त्यात आहे. मात्र तो प्रथमपुरुषी आहे. एका माणसाने स्वतःला ओळखून दिलेली ती कबुली आहे. तिच्यावरून ‘जो कुणबी नाही तो दांभिक’ असा सर्वांना लागू होणारा नियम काढला, तर ती चूक काढणाऱ्याची असते, तुकोबांची नव्हे.

‘जो नाही तो’ या रूपाने आमच्या गटात पहिला मोठा वाद घडवला. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात (१२.३०) येशूचे वचन आहे, की जो माझ्या बाजूचा नाही तो माझ्या विरुद्ध आहे, आणि मार्काच्या नवव्या अध्यायात (९.४०) वचन आहे, की जो आपल्या विरुद्ध नाही तो आपल्या बाजूचा आहे. गटातील एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहून त्यांत उघड विसंगती असल्याचे जाहीर केले, आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. पहिले वचन कठोर आणि दुसरे उदार वाटते, हे खरेच आहे.

आता दोन्ही वाक्ये ‘किंवा’ घालून लिहून पाहू. पहिले वाक्य असे होते: प्रत्येक माणूस बाजूचा आहे किंवा विरुद्ध आहे. दुसरे वाक्यही अगदी तसेच होते. ‘बाजूचा नसेल तर विरुद्ध’ आणि ‘विरुद्ध नसेल तर बाजूचा’ ही एकाच विधानाची उलटसुलट रूपे आहेत. एक मान्य केले की दुसरे मान्य करावेच लागते. म्हणजे ‘मी’ आणि ‘आपण’ यांतील फरक क्षणभर बाजूला ठेवला, तर या वचनांत विसंगती मुळीच नाही. कुंपणावर बसायला जागा नाही, एवढेच दोन्ही सांगतात.

मग एक कठोर आणि एक उदार का वाटते? सिद्धतेचा भार बदलतो म्हणून. पहिल्या वचनात बाजूचे असल्याचा पुरावा न देणारा विरोधकांत जाऊन पडतो, तर दुसऱ्यात विरोधाचा पुरावा मिळेपर्यंत माणूस आपलाच मानला जातो. पहिली पायरी नीट केली असेल, तर हा भार कुणावर आहे हेही कळते. मत्तयात येशूवर आरोप करणाऱ्यांना उत्तर दिले जात आहे. मार्कात येशूच्या नावाने भुते काढणाऱ्या, परंतु शिष्यांच्या मेळ्यात नसलेल्या एका माणसाला अडवू नये, असे शिष्यांना सांगितले जात आहे. विधान एकच असले, तरी ते कोणाच्या तोंडावर आणि कोणाच्या बचावासाठी उच्चारले आहे, यावर त्याचा उपयोग ठरतो. तरीही उदासीन माणसाचे काय करायचे, हा प्रश्न दोन्ही वचनांना सारखाच लागू पडतो आणि तो पुढच्या पायरीत घेऊन जातो.

तिसरी पायरी: तिसरी जागा आहे का, ते शोधावे

ठाणे स्थानकाच्या फलाटावर उभे राहून दोन वाक्ये म्हणून पाहावीत. ‘ही गाडी डोंबिवलीला थांबते किंवा थांबत नाही’ हे वाक्य खोटे ठरूच शकत नाही, कारण दुसरा पर्याय म्हणजे पहिल्याचा निव्वळ नकार आहे. ‘ही गाडी जलद आहे किंवा धीमी आहे’ हे वाक्य मात्र खोटे ठरू शकते, कारण काही गाड्या एका टप्प्यापर्यंत जलद आणि पुढे धीम्या धावतात, ज्यांना आपण सेमीफास्ट म्हणतो. पहिली जोडी नकाराची आहे, दुसरी टोकांची आहे. न्यायदर्शनाचे आचार्य उदयनाचार्य यांनी न्यायकुसुमांजलीत ‘परस्परविरोधे हि न प्रकारान्तरस्थितिः’, म्हणजे परस्परविरोध असेल तिथे तिसऱ्या प्रकाराला जागा उरत नाही, असा नियम सांगितला आहे. तो नकाराच्या जोडीला लागू पडतो आणि टोकांच्या जोडीला पडत नाही. धर्मग्रंथांतील पुष्कळशी वचने टोकांच्या जोडीची असून नकाराच्या जोडीच्या थाटात उच्चारलेली असतात.

याचे सर्वांत समृद्ध उदाहरण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ‘हतो वा प्राप्स्यसि स्वर्गं जित्वा वा भोक्ष्यसे महीम्’ (२.३७): मारला गेलास तर स्वर्ग मिळेल, जिंकलास तर पृथ्वीचे राज्य भोगशील, म्हणून युद्धासाठी ऊठ. तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ज्याला उभयापत्ती म्हणतात, त्याचा हा नमुना आहे: दोनच वाटा, आणि दोन्ही वाटांचा शेवट गोड. प्रश्न असा, की वाटा दोनच आहेत का?

याच अध्यायात आधी अर्जुनाने आपला पेच मांडलेला आहे: ‘यद्वा जयेम यदि वा नो जयेयुः’ (२.६). मी प्रथम ‘नो’चा अर्थ ‘नाही’ असा घेऊन ‘जिंकू किंवा जिंकणार नाही’ अशी सुबक नकाराची जोडी वहीत लिहिली होती आणि तिच्यावर अर्धे पान खर्च केले होते. गटातील संस्कृतच्या बाईंनी शांतपणे ते अर्धे पान खोडायला लावले. हा ‘नो’ म्हणजे ‘नः’, अर्थात ‘आम्हाला’: आम्ही त्यांना जिंकू की ते आम्हाला जिंकतील. मूळ भाषेत एकेक शब्द पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये, हा धडा मी तेव्हापासून विसरलेलो नाही.

आता दोन्ही जोड्या शेजारी ठेवू. अर्जुनाच्या जोडीत जय आणि पराजय आहेत. श्रीकृष्णाच्या जोडीत मरण आणि जय आहेत. अर्जुनाने मोजलेली एक शक्यता, म्हणजे हरूनही जिवंत राहणे, उत्तरात दिसत नाही. जायबंदी होणे, पकडले जाणे, तह होणे या शक्यताही नाहीत. तेव्हा ‘हतो वा जित्वा वा’ ही टोकांची जोडी आहे आणि सुटी वाचली तर ती अपुरी ठरते.

परंतु श्लोक इथे संपत नाही. त्याचा शेवटचा शब्द ‘कृतनिश्चयः’ असा आहे. ज्याने जिंकेपर्यंत किंवा पडेपर्यंत लढण्याचा निश्चय केला आहे, त्याच्यापुरती मधली वाट त्याच्या निश्चयानेच बरीचशी बंद होते. बेशुद्ध स्थितीत पकडला जाण्यासारखी एखादी शक्यता तरीही उरते, पण रणांगणावरील प्रबोधनासाठी जोडी पुरेशी घट्ट होते. येथे पर्यायांची संख्या जगाने ठरवलेली नसून ऐकणाऱ्याच्या संकल्पाने ठरलेली आहे, आणि माझ्या मते हे वचन समजून घेण्याची हीच किल्ली आहे. तेच वचन परीक्षेला निघालेल्या मुलाला किंवा नवे दुकान थाटणाऱ्या माणसाला पाठवले जाते, तेव्हा तो निश्चयही नसतो आणि ते रणांगणही नसते. मग उरते ती केवळ अपुरी जोडी.

चौथी पायरी: दोन्ही पर्याय एकदम शक्य आहेत का?

मराठीतील ‘किंवा’ कधी दोहोंपैकी एकच मागतो, कधी दोन्ही चालवून घेतो. ‘हे किंवा ते, हे आहे, म्हणून ते नाही’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत, हे वेगळे दाखवावे लागते. ईशोपनिषद विद्या आणि अविद्या या दोहोंपैकी एकेकीचीच उपासना करणाऱ्यांना अंधारात पाठवते आणि मग ‘यस्तद्वेदोभयं सह’ असे म्हणून दोन्ही एकत्र जाणणाऱ्याची वाट मोकळी करते. दासबोधाच्या बाराव्या दशकाचा आरंभही याच पद्धतीचा आहे. प्रपंच सोडून परमार्थ केला तर खायला अन्न मिळत नाही, परमार्थ सोडून प्रपंच केला तर यमयातना भोगाव्या लागतात, अशी पेचाची दोन्ही शिंगे, म्हणजे दोन्ही पर्याय, दाखवून समर्थ ‘आधीं प्रपंच करावा नेटका । मग घ्यावें परमार्थविवेका’ असा क्रम सांगतात. प्रपंच की परमार्थ हा पेच आपल्याकडे इतका रुळलेला आहे, की तो मुळात पेचच नाही असे म्हणणारा ग्रंथ घरोघरी असूनही आपण पेचच आळवत बसतो.

याच्या उलट, कोणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, देवाची आणि धनाची एकदम करता येत नाही, असे मत्तयात म्हटले आहे (६.२४). दोन ठिकाणी अर्धवेळ नोकरी करणारी माणसे ठाण्यात हवी तेवढी भेटतील, तेव्हा हे वचन सरळ खोटे ठरते काय? तसे नाही, कारण मूळ ग्रीक क्रियापद नोकरीचे नसून गुलामीचे आहे. ज्याचा संपूर्ण वेळ आणि संपूर्ण देह धन्याच्या मालकीचा आहे, त्याला दुसरा धनी असू शकत नाही. ‘चाकरी’चा अर्थ एवढा कडक घेतला तरच दोन्ही पर्याय एकत्र नांदू शकत नाहीत. म्हणून हे वचन पैसा बाळगण्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. पैशाचे दास होण्याविरुद्ध वापरता येते.

येथे यहुदी परंपरेतील एक जागा अवश्य पाहावी. हिल्लेल आणि शम्माय या दोन पीठांचा वाद सांगताना तालमूद म्हणते, की ही आणि ती, दोन्ही जिवंत देवाचीच वचने आहेत, पण आचरणाचा नियम मात्र हिल्लेलच्या पीठाप्रमाणे. अर्थाच्या पातळीवर ‘दोन्ही’ आणि आचाराच्या पातळीवर ‘एकच’, असा निवाडा एका दमात देणे शक्य आहे, हे आमच्या गटाला त्या एका ओळीने शिकवले. ‘किंवा’ कोणत्या पातळीवर उभा आहे, हे वहीत नोंदवण्याची सवय तेव्हापासून लागली.

पाचवी पायरी: प्रत्येक शिंग स्वतंत्रपणे तपासावे

पर्याय दोनच असले, तरी प्रत्येक पर्यायातून सांगितलेले फळ खरोखर निघते का, हे पाहायचे राहते. ‘हतो वा’ या श्लोकाकडे पुन्हा वळू. मरणातून स्वर्ग हे पहिले शिंग त्याच अध्यायात आधी सांगितलेल्या क्षात्रधर्मावर उभे आहे. तो मान्य नसणाऱ्याला ते बांधील नाही. दुसरे शिंग अधिक विचार करायला लावणारे आहे. अर्जुनाने पहिल्याच अध्यायात ‘न काङ्क्षे विजयं कृष्ण’ (१.३२) असे सांगून टाकले आहे आणि निष्कंटक राज्य मिळूनही माझा शोक जाणार नाही, असेही तो म्हणाला आहे (२.८). ज्याला राज्य नको आहे, त्याला राज्याचे आमिष दाखवून युक्तिवाद पुरा होत नाही. लगेच पुढच्या श्लोकात ‘सुखदुःखे समे कृत्वा लाभालाभौ जयाजयौ’ (२.३८) असे येते, तेव्हा मला वाटते, की वक्त्याने आपल्याच युक्तिवादाची मर्यादा ओळखून पाया बदलला आहे. इथे पराजयही मोजला गेला आणि फळाची भाषाही मागे पडली. सदतिसावा श्लोक फलकावर रंगवणाऱ्यांनी अडतिसावाही रंगवावा, एवढीच विनंती.

शिंगे तपासण्याच्या दृष्टीने अंगुत्तरनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातील कालामसुत्त हा त्याहून पक्का नमुना आहे. ‘स्वतः पारखून घ्या’ या उपदेशासाठी ते प्रसिद्ध आहे, पण त्याच्या शेवटी चार आश्वास, म्हणजे दिलासे, येतात, ते कोणी सहसा वाचत नाही. परलोक आणि कर्मफळ असेल, तर वैररहित चित्ताच्या माणसाला मरणानंतर सुगती मिळेल; नसेल, तर याच जन्मी तो वैरावाचून सुखाने जगतो. पाप करणाऱ्याचे वाईट होत असेल, तर मी कोणाचे वाईट चिंतत नसल्याने मला दुःख कोठून येणार. होत नसेल, तर मी दोन्ही बाजूंनी शुद्धच आहे. येथे जोडी ‘आहे किंवा नाही’ अशी निव्वळ नकाराची आहे, म्हणून तिसऱ्या जागेचा प्रश्नच उरत नाही. शिवाय ‘नाही’ या शिंगाचे फळ कोणत्याही श्रद्धेवाचून, अनुभवाने पडताळता येते.

सहावी पायरी: प्रश्नच सापळा आहे का, ते पाहावे

काही विकल्प विधानाच्या रूपात नव्हे, तर प्रश्नाच्या रूपात येतात आणि ‘हो की नाही’ अशी मागणी करतात. मज्झिमनिकाय या दुसऱ्या पाली बौद्ध ग्रंथात अभयराजकुमाराची कथा आहे. दुसऱ्यांना अप्रिय वाटेल असे तथागत बोलतात काय, असा दुहेरी प्रश्न घेऊन त्याला पाठवलेले असते. ‘हो’ म्हटले तर सामान्य माणसात आणि तुमच्यात फरक काय, आणि ‘नाही’ म्हटले तर विरोधात गेलेल्या देवदत्ताला कठोर का बोललात, असा बेत असतो. बुद्ध उत्तर देतात, की याचे एकतर्फी उत्तर नाही. राजकुमाराच्या मांडीवर तान्हे मूल असते. या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर काय कराल, असे ते विचारतात. रक्त आले तरी बोट घालून काढीन, कारण मला त्याची कणव आहे, असे तो सांगतो. मग बुद्ध वचनाचे तीन निकष मांडतात: ते खरे आहे का, हिताचे आहे का, प्रिय आहे का. एका ‘अप्रिय’ शब्दात कोंबलेल्या अनेक गोष्टी सुट्या झाल्याबरोबर सापळा उघडतो. प्रश्नांचे एकतर्फी उत्तर देण्याजोगे, विभागून उत्तर देण्याजोगे, प्रतिप्रश्न करण्याजोगे आणि बाजूला ठेवण्याजोगे, असे चार प्रकार पाली ग्रंथांत सांगितले आहेत. आम्ही हे चार प्रकार वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले आहेत, आणि घरगुती भांडणांतही ते उपयोगी पडतात.

मात्र प्रत्येक अडचणीचा प्रश्न सदोष असतो, असे नाही. योहानाचा बाप्तिस्मा स्वर्गापासून होता की माणसांपासून, असे येशूने मुख्य याजकांना विचारल्याची कथा मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. ‘स्वर्गापासून’ म्हटले तर मग विश्वास का ठेवला नाही, हा प्रश्न येणार. ‘माणसांपासून’ म्हटले तर लोक बिथरणार. म्हणून त्यांनी ‘आम्हाला ठाऊक नाही’ असे उत्तर दिले. इथे प्रश्नाची घडण पुरेशी नीट आहे. अडचण आहे ती उत्तर देणाऱ्यांच्या भूमिकेत. मासुंदा तलावाजवळचे चर्च ज्या योहानाच्या नावाचे आहे, तोच हा योहान. पुढच्याच अध्यायात कैसराला, म्हणजे रोमन सम्राटाला, कर देणे योग्य की अयोग्य, असा प्रश्न येशूवर टाकला जातो, तेव्हा तो नाण्यावरची मुद्रा दाखवून कैसराचे कैसराला आणि देवाचे देवाला, अशी विभागणी करतो. शेजारशेजारच्या अध्यायांतील या दोन पेचांपैकी एक टाळला गेला आणि दुसरा सोडवला गेला. हा फरक नवख्या वाचकाकडून काढून घेण्याजोगा सराव आहे.

सातवी पायरी: वचन सांगते आहे की आवाहन करते आहे?

‘जीवन आणि मरण, आशीर्वाद आणि शाप मी तुझ्यापुढे ठेवले आहेत, जीवन निवड’, असे बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (३०.१९) मोशे म्हणतो. ‘जीवन निवड’ हे आवाहन खरे किंवा खोटे असू शकत नाही, म्हणून त्याच्यापुरती सत्याची कसोटी लावू नये. निवड खरोखर ऐकणाऱ्याच्या हातात आहे का, एवढेच विचारावे. कुराणातील चौतिसाव्या सूरेत, म्हणजे अध्यायात (३४.२४), प्रतिपक्षाला उद्देशून म्हटले आहे, की आम्ही किंवा तुम्ही निश्चितच सन्मार्गावर आहोत किंवा उघड चुकीत आहोत. बोलणाऱ्याला आपल्या बाजूविषयी शंका नाही, तरीही वाक्य निकाल उच्चारत नाही आणि तो ऐकणाऱ्यावर सोपवते. अशा वचनाला अपुऱ्या जोडीचा दोष लावणे म्हणजे वादातील सभ्यतेला आकडेमोड समजणे होय.

आमच्या वहीत शेवटची नोंद ऋग्वेदातील, सृष्टीच्या उत्पत्तीविषयीच्या नासदीय सूक्ताची आहे. या सृष्टीचा जो अध्यक्ष परम आकाशात आहे, तो हे जाणतो, ‘यदि वा न वेद’, किंवा जाणत नाही. नकाराची जोडी असल्यामुळे हे वाक्य खोटे ठरूच शकत नाही, असे म्हणून बँकेतल्या काकांनी त्यापुढे पूर्ण गुण मांडले. संस्कृतच्या बाईंचे म्हणणे असे, की हे डोंबिवलीला थांबणाऱ्या गाडीसारखे रिकामे वाक्य नव्हे, कारण अध्यक्ष जाणतच असणार असे गृहीत धरून बसलेल्या श्रोत्यापुढे दुसरी शक्यता उच्चारणे, हाच ऋषीचा हेतू आहे. तेव्हा सातवी पायरी आधी आणि तिसरी नंतर लावावी. पायऱ्यांचा क्रम बदलायचा की नाही, यावर येत्या बैठकीत मत घेणार आहोत. तोवर काकांनी दिलेले गुण पेन्सिलीतच आहेत.